चुकीवरची हुर्यो आणि नावावरची हुर्यो
"तिकिटाचे पैसे मोजलेत, वाईट खेळले तर हुर्यो उडवणारच" हे फुटबॉल प्रेक्षकांचं म्हणणं मला अर्धंच पटतं. ऑक्टोबर २००८ मध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर इंग्लंडचा बचावपटू ॲशली कोलचा पास थेट कझाकस्तानच्या कुकेयेव्हकडे गेला, २-० चं २-१ झालं. मग कोलच्या पायाला चेंडू लागला की हुर्यो. इंग्लंड ५-१ जिंकलं तरी! पण तिथे निदान चूक तरी घडली होती. मार्च २०२२ मध्ये आयव्हरी कोस्टविरुद्ध इंग्लंडचाच सेंटर-बॅक (मधला बचावपटू) हॅरी मग्वायरचं नुसतं नाव पुकारताच, खेळ सुरू व्हायच्या आधीच, हुर्यो सुरू झाली.

सेंटर-बॅकच्या बाबतीत हे जास्त नडतं, कारण चढाईची मांडणी त्याच्यापासूनच होते. धास्तावलेला बचावपटू मधल्या फळीतला अवघड पास टाळून चेंडू गोलकीपरकडे परत देतो, आणि तेच प्रेक्षक 'पुढे खेळा' म्हणून ओरडतात. इंग्लंडचा तेव्हाचा प्रशिक्षक साउथगेट मग्वायरवरच्या हुर्योवर उघडपणे संतापला, ते योग्यच केलं.