परदेशी सुपरमार्केट आलं की खरंच नोकऱ्या वाढतात का?

चौकस:
एखादी मोठी सुपरमार्केट चेन दुसऱ्या देशात शिरते तेव्हा बातमी ठरलेली असते, इतकी दुकानं काढणार, इतक्या हजार लोकांना काम देणार. पण आजूबाजूची लहान दुकानं बंद पडून जे घरी बसतात त्यांचा आकडा त्यातून कोणी वजा करतं का? कोणी नीट अभ्यास केलाय का यावर?

आकडेमोड:
केलाय की. एमेक बास्कर म्हणून अर्थतज्ज्ञ आहेत, त्यांचा २००५ चा पेपर बघ. तो वॉलमार्टच्या अमेरिकेतल्याच दुकानांवर आहे, पण हिशोब तोच. दुकान उघडलं त्या वर्षी त्या काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) रिटेलच्या साधारण १०० नोकऱ्या वाढल्या, आणि पुढच्या पाच वर्षांत बाकीची दुकानं बंद होत गेली तशा त्यातल्या निम्म्या गेल्या. वर होलसेलमधल्याही २० गेल्या. म्हणजे वाढ आहे, पण बातमीतल्या आकड्याएवढी नाही.

रात्रपाळी:
मी अशा एका चेनमध्ये चार वर्षं काउंटरवर होतो. नोकऱ्या डोकी मोजून सांगतात, तास मोजून नाही. आम्ही दोघं मिळून एका माणसाचं काम करायचो, कागदावर नोकऱ्या दोन आणि घर चालेल एवढा पगार एकालाही नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच विचारायला हवा की आठवड्याला तास किती देणार. आणि गोदाम, ट्रक, कोल्ड स्टोरेज ही कामं खरी वाढतात हेही मी पाहिलंय, पण माल त्याच देशातून घेतला तरच शेतकऱ्यापर्यंत काही पोचतं, सगळं बाहेरून कंटेनरने आणलं तर काय उपयोग.

जुना सभासद:
आणि चेन परत गेली तर? वॉलमार्ट १९९७ ला जर्मनीत गेलं आणि २००६ ला दुकानं विकून बाहेर पडलं, टेस्को या ब्रिटिश चेनचं अमेरिकेतलं फ्रेश अँड ईझी २००७ ते २०१३ एवढंच टिकलं. म्हणून मला दक्षिण आफ्रिकेचं पटतं. २०११ मध्ये वॉलमार्टने मासमार्ट ही तिथली रिटेल कंपनी घेतली तेव्हा तिथल्या कॉम्पिटिशन ट्रिब्युनलने, म्हणजे असे सौदे तपासणाऱ्या न्यायाधिकरणाने, अट घातली की या सौद्यामुळे दोन वर्षं कुणाला काढायचं नाही, स्थानिक पुरवठादारांसाठी फंडही काढायला लावला. युनियन तेवढ्यावर थांबली नाही, अपिलात गेली आणि सौद्याआधी काढलेल्या ५०३ कामगारांना परत घ्यायचा आदेश २०१२ मध्ये मिळवला.

चौकस:
हे माहीत नव्हतं, थँक्स. पण दोन वर्षं संपल्यावर काय?

जुना सभासद:
मग युनियनच. अट संपते, पण युनियन टिकली असेल तर मालकाला निदान समोर बसून बोलावं तरी लागतं.