मदत हवी आहे: डोक्याला मार लागल्यानंतरचं नैराश्य

माझा धाकटा भाऊ मार्चमध्ये लोकलमधून पडला. टाके सुकले, पण माणूस हरवलाय. ताटातली पोळी कुस्करत बसतो, कुकरची शिट्टी झाली की दचकून कान झाकतो. नातेवाईक म्हणतात, आळस. अहो, मेंदूलाच मार बसलाय! एकदा फिट येऊन गेली, म्हणून डॉक्टरांनी सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध अगदी कमी डोसवर सुरू केलंय. सीबीटीही (विचार आणि वागणं बदलायला मदत करणारी, बोलण्यातून होणारी थेरपी) सांगितली, पण तासाभराचं सेशन त्याला पेलत नाही, आधीचं बोलणं विसरतो. परवा रात्री म्हणाला, "ताई, मी ओझं झालोय." तेव्हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन लावला.

दादर ते मुलुंड पट्ट्यात अशा पेशंटसोबत काम केलेले, मराठीत बोलणारे सायकॉलॉजिस्ट कुणाला माहीत आहेत का? केईएम किंवा सायन हॉस्पिटलचा अनुभव असेल तर तोही सांगा, प्लीज.