खोकला गेला, तरी टीबीच्या गोळ्या सहा महिने का?

दिंडोरीकर:
आमच्या तात्यांना (वय 58) टीबी निघाला. गोळ्या सुरू होऊन सात आठवडे झाले. खोकला पार गेला, वजन तीन किलो वाढलं, भाकरी मागून खातात. आता द्राक्षबागेची गोडी छाटणी तोंडावर आलीय आणि ते म्हणतात, "बरा झालोय, मळमळतं, बंद करतो." लघवी नारंगी होते त्यालाही घाबरलेत. आजीनं त्यांचं ताट-तांब्या अजून वेगळा ठेवलाय. त्यांना पटेल असं कुणी सांगेल का?

स्लाइडवाली ताई, नाशिकरोड:
दादा, गोळ्या बंद होऊ देऊ नका. मी 22 वर्षं थुंकीच्या स्लाइड बघतेय. थुंकी पसरून वाळवायची, लाल रंग ओतून खालून ज्योत फिरवायची. वाफ निघाली पाहिजे, उकळी नको. मग आम्ल ओतलं की बाकी सगळ्याचा रंग धुऊन जातो, टीबीच्या जंतूचा जात नाही, कारण अंगावर मेणचट कवच आहे. शेवटी निळा रंग. भिंगाखाली निळ्यावर लाल, बारीक, जरा वाकलेल्या काड्या दिसतात. रॉबर्ट कॉखनं 1882 साली बर्लिनमध्ये दाखवला तो हाच, मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस.

तात्यांना बागेच्या भाषेत सांगा. द्राक्षावरचा डावणी रोग ढगाळ हवेत बघता बघता पसरतो. टीबीचा जंतू एकाचे दोन व्हायलाच 15 ते 20 तास घेतो. औषधाचा मारा वाढत्या जंतूवर जास्त बसतो. म्हणून पहिल्या दोन महिन्यांत बहुतेक मरतात आणि खोकला थांबतो. पण काही निपचित पडून राहतात, पुढचे चार महिने त्यांच्यासाठी. मध्येच सोडलं तर तेच परत उठतात, आणि औषधाला दाद न देणारे झाले तर फार हाल होतात.

स्लाइड निगेटिव्ह आली तरी फसू नका. एका मिलिलीटर थुंकीत 5,000 ते 10,000 जंतू असल्याशिवाय आम्हाला ते सापडतच नाहीत.

लघवीचा नारंगी रंग रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाचा, त्याला भिऊ नका. मळमळ डॉक्टरांना सांगा. डोळे पिवळे झाले किंवा नजर अंधुक झाली तर त्याच दिवशी गाठा. ताट एकत्र करा, हा जंतू खोकल्यातून हवेत जातो, ताटातून नाही. आजींची आणि मुलांची तपासणी झाली का?

सातपूर, रात्रपाळी:
मी पाचव्या आठवड्यात सोडल्या होत्या. चार महिन्यांनी बेसिनमध्ये रक्त पडलं. तपासणीत रिफाम्पिसिन लागू पडत नाही असं निघालं, मग दीड वर्ष औषध खाल्लं. तात्यांना माझं नक्की सांगा. टीबीच्या रुग्णाला आहारासाठी सरकारच्या निक्षय योजनेचे महिना 1,000 रुपये मिळतात, ते येतात ना? अंडी, शेंगदाणे आणा.

दिंडोरीकर:
रात्री ओट्यावर बसून वाचून दाखवलं. सातपूरच्या दादांचं ऐकून तात्या बराच वेळ गप्प होते. आज गोळ्या घेऊनच बागेत गेले. आजीनं ताट मांडणीत परत लावलं. पुढच्या आठवड्यात दोन महिन्यांची थुंकी द्यायचीय, कशी द्यायची?

स्लाइडवाली ताई, नाशिकरोड:
पहाटे उठल्या उठल्या, चूळ भरून. अंगणात मोकळ्या हवेत उभं राहून दोनदा खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून खाकरून काढायचं. नुसती लाळ नको. डबीचं झाकण घट्ट लावा.