असेंब्ली शिकताना पहिला डिसअसेंबलर कोणता? माझं मत: घिड्रा नंतर, आधी ऑब्जडम्प

सह्यकडा
भाच्याने एक्स८६-६४ (इंटेल-एएमडीचे ६४ बिट प्रोसेसर) असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शन थेट लिहायची भाषा, शिकायला घेतली आहे. लिनक्सवर नॅझममध्ये (असेंब्लीचे बाइट करून देणारा असेंबलर) लिहितो. डिसअसेंबलर याच्या उलट करतो, बाइटमधून इन्स्ट्रक्शन काढून दाखवतो. कुणीतरी त्याला थेट घिड्रा हे खिडक्यांचं मोठं डिसअसेंबलर टाकून दिलं. परवा बघितलं, तर पठ्ठ्या मधल्या लिस्टिंगकडे (इन्स्ट्रक्शनची यादी) ढुंकूनही बघत नव्हता. उजवीकडे डीकम्पायलरने (इन्स्ट्रक्शनवरून सीसारखा कोड रचणारा भाग) तयार करून दिलेलं सी वाचत बसला होता. मग तो शिकतोय काय?

पाचपट करून देणारं छोटं सी फंक्शन लिहा आणि जीसीसी कंपायलरने -ओ२ (कोड वेगवान करायचा पर्याय) लावून कंपाइल करा. ऑब्जडम्प या कमांड लाइनवरच्या साध्या डिसअसेंबलरमध्ये गुणाकाराची इन्स्ट्रक्शन सापडतच नाही. दिसतं ते एवढंच: ली ईएएक्स, [आरडीआय+आरडीआय*४] आणि खाली रेट, म्हणजे फंक्शनमधून परत (ईएएक्स, आरडीआय ही रजिस्टरं, प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणजागा). हेक्समध्ये चार बाइट: ८डी ०४ बीएफ सी३. (उबुंटूवर आधी एंडबीआर६४ दिसेल, ते तूर्त सोडा.) ली ही मेमरीतला पत्ता काढायची इन्स्ट्रक्शन इथे गुणाकाराला जुंपली आहे, हे पोराला स्वतःला उमगलं पाहिजे. घिड्राचा डीकम्पायलर 'गुणिले ५' लिहून मोकळा होतो, आणि शिकण्यासारखं होतं तेच झाकलं जातं.

ऑब्जडम्पला '-एम इंटेल' द्यायला मात्र विसरू नका. एरवी ते एटी अँड टी पद्धतीने छापतं, म्हणजे ऑपरंडचा (इन्स्ट्रक्शन ज्यांच्यावर चालते ती रजिस्टरं, आकडे) क्रम नॅझमच्या बरोबर उलटा.

रिकामाकोपरा
अजिबात पटलं नाही. डीकम्पायलरची खिडकी बंद करायला एक क्लिक लागते. त्यासाठी २०१९ पासून फुकट आणि खुल्या सोर्ससह मिळणारं इतकं चांगलं साधन नवख्यापासून का लपवायचं?

ऑब्जडम्पची खोड सांगतो. ते सेक्शनच्या सुरुवातीपासून ओळीने सगळे बाइट सोलत जातं. नवखा हमखास टेक्स्ट सेक्शनमध्येच (फाइलमधला कोडचा भाग) रेटच्या खाली 'हेलो'ची इंग्रजी अक्षरं ठेवतो: ४८ ६५ ६सी ६सी ६एफ. ऑब्जडम्प त्यातून रेक्स.डब्ल्यू, इन्स, आउट्स असल्या इन्स्ट्रक्शन काढून दाखवतं. आपण न लिहिलेला कोड बघून पोरं तासन्‌तास चक्रावतात, मी पाहिलंय. घिड्रा उड्या आणि कॉल धरून चालतं, रेट आला की थांबतं. शिवाय लेबलवर कुठून कुठून उडी येते तेही लिहून देतं. नवख्याला हा आधार हवाच.

तिसरीघंटा
@रिकामाकोपरा, रेट असेल तर तुमचं बरोबर. पण नवख्याचा पहिला प्रोग्राम रेटने संपतो कुठे? तो आरएएक्स रजिस्टरमध्ये ६० भरून सिसकॉल करतो, म्हणजे लिनक्सला काम सांगतो. ६० म्हणजे एक्झिट, तिथून परत येणं नाही, हे घिड्रा आपणहून ओळखत नाही. ते पुढे चालत राहतं आणि त्याच अक्षरांच्या इन्स्ट्रक्शन करतं.

माझं मत दोघांपेक्षा वेगळं आहे. नॅझमसोबतच येणारं एनडिसॅझम हे डिसअसेंबलर घ्या. त्याला फाइलचा फॉरमॅट कळत नाही, म्हणून नॅझमचं आउटपुट साध्या बिनमध्ये (नुसते बाइट असलेली फाइल) काढा. मोव्ह आरएएक्स, आरबीएक्स म्हणजे ४८ ८९ डी८. काहीही न सांगता एनडिसॅझम चालवलं तर ते १६ बिट धरतं आणि दोन ओळी दाखवतं: डेक एएक्स, मग मोव्ह एएक्स, बीएक्स. '-बी ६४' दिलं की तेच तीन बाइट पुन्हा एक इन्स्ट्रक्शन होतात. बाइटला स्वतःचा अर्थ नसतो, मोड अर्थ ठरवतो. हे दोन पानं वाचूनही डोक्यात शिरत नाही, इथे दोन मिनिटांत शिरतं.

सह्यकडा
@तिसरीघंटा, हा प्रयोग आजच त्याच्याकडून करून घेतो. @रिकामाकोपरा, उड्यांसाठी ऑब्जडम्पला '--व्हिज्युअलाइझ-जम्प्स' देता येतं, बाजूला बाण काढून मिळतात. अक्षरं कोड म्हणून दिसतात हा मुद्दा मान्य, पण मला ती अडचण वाटत नाही. ४८ म्हणजे इंग्रजी कॅपिटल एच हे त्याला स्वतःला ओळखता आलं पाहिजे.

रिकामाकोपरा
सिसकॉलचा मुद्दा मान्य, तो माझ्या ध्यानात नव्हता. तरी मत बदलत नाही. वीस ओळींच्या प्रोग्रामला ऑब्जडम्प ठीक आहे. दुसऱ्याची, सिम्बॉल (फंक्शनची वगैरे नावं) काढून टाकलेली फाइल समोर आली की फंक्शन कुठे सुरू होतं तेही ऑब्जडम्प सांगत नाही. उत्साही पोरगं तिथेच कंटाळून विषय सोडतं. भाच्याला घिड्रा ठेवू दे, फक्त उजवी खिडकी बंद करून द्या.

सह्यकडा
दुसऱ्याच्या फाइलीपर्यंत पोचेल तेव्हा मीच उघडून देईन. सध्या तो स्वतःचाच कोड वाचतोय.