मदत हवी आहे: मोगरा, जास्वंद, कढीपत्ता – कोणाला कोणतं खत?

माया_गच्चीवर: तिघांना एकच खत घातलं. मोगऱ्याला पानंच पानं, एप्रिल संपत आला तरी कळी नाही. जास्वंद पिवळी पडलीय. कढीपत्ता होता तिथेच. पटकन सांगा, रविवारी खत आणायला जायचंय.

पाथर्डीकर: एकच खत म्हणजे कोणतं?

माया_गच्चीवर: पांढरे दाणे. भावाच्या मळ्यातून आणलेले.

द्राक्षवाला: युरिया! त्यात ४६ टक्के नत्र. मोगरा पाल्यावरच जाणार. ०:५२:३४ द्या, म्हणजे नत्र शून्य, स्फुरद-पालाश भरपूर; लिटरभर पाण्याला दोन ग्रॅम. आमच्या दिंडोरीला येऊन घड बघा.

शेणखतच_बरं: द्राक्षाचे डोस कुंडीत कशाला? मूठभर गांडूळखत, चमचाभर निंबोळी पेंड, महिन्यातून एकदा. झालं.

द्राक्षवाला: नुसत्या शेणखतावर घड भरत नसतात भाऊ.

शेणखतच_बरं: ताईंना गजरा हवाय, घड नकोयत.

कॉलेजरोड_गुलाब: मी गुलाबाला केळीची सालं घालते. यंदा इतकी फुलं आली!!

पाथर्डीकर: गुलाब कुणी विचारलाय? ताई, मोगरा थंडी सरताना छाटला होता का? फूल नव्या फुटीवर येतं.

माया_गच्चीवर: नाही. छाटायचा असतो?

आज्जीचीबाग: जास्वंदीची पिवळी पानं शेंड्याची की बुडातली? शिरा हिरव्या आहेत?

माया_गच्चीवर: शेंड्याची. शिरा हिरव्या.

आज्जीचीबाग: मग लोह कमी पडतंय. बोअरचं पाणी घालता ना? कुंडीच्या काठाला पांढरा थर असेल. त्या क्षारांनी माती चुनखडीसारखी होते, लोह असूनही मुळांना मिळत नाही. चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपातलं, आणा, पण पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलं. ईडीटीएवालं अशा मातीत टिकत नाही. आणि जमेल तेव्हा नळाचं पाणी द्या, गंगापूर धरणाचं.

इंदिरानगर४२: नळाला पाणी येतं कुठे? आमच्याकडे सकाळी अर्धा तास.

शेणखतच_बरं: कढीपत्त्याला आंबट ताक. आमच्या आईचा खात्रीचा उपाय.

आज्जीचीबाग: त्याला तर नत्र आवडतं, चिमूटभर युरिया मानवला असता. वाढत का नाही मग? कुंडी केवढी?

माया_गच्चीवर: आठ इंची. पाच वर्षं झाली.

आज्जीचीबाग: अहो, मुळांना जागाच नाही! आधी मोठी कुंडी घ्या.

माया_गच्चीवर: मी खत विचारलं होतं. बरं, पाच किलो युरिया उरलाय, त्याचं काय करू?

द्राक्षवाला: भावाला परत द्या.