मदत हवी आहे : आत्याने लिहून ठेवलेल्या इच्छेला रुग्णालयात मान कसा मिळेल? (मुंबई)

माझी आत्या लालबागला एकटी राहते. महापालिकेच्या शाळेतून ती शिक्षिका म्हणून निवृत्त झाली असून गेली 22 वर्षे तिला स्किझोफ्रेनिया आहे. औषधे नियमित असल्यामुळे सध्या तिची प्रकृती चांगली आहे, आणि ती चांगली असतानाच हे काम उरकावे असे आम्हा दोघींनाही वाटते.

दोन वर्षांपूर्वी आजार बळावला तेव्हा "सिद्धिविनायकाला जाऊन येऊ" असे सांगून आतेभावाने तिला टॅक्सीत बसवले आणि उपनगरातल्या एका खासगी रुग्णालयात दाखल केले. पहिल्या रात्री तिचे हात पलंगाला बांधून ठेवले होते, हे आम्हाला ती घरी आल्यावर तिच्याच तोंडून कळले. त्यानंतर ती सिद्धिविनायकाला गेलेली नाही.

गेल्या महिन्यात तिने वहीच्या पानावर आपल्या वळणदार अक्षरात लिहून दिले, की मला खोटे सांगून नेऊ नये, बांधू नये, हॅलोपेरिडॉलचे इंजेक्शन देऊ नये (त्याने तिची मान आखडून वाकडी झाली होती) आणि गरज पडल्यास निर्णय मुलाऐवजी भाचीने घ्यावा.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 मी वाचला आहे. कलम 5 नुसार अशा इच्छा आगाऊ निर्देश म्हणून लिहून ठेवता येतात, आणि कलम 14 नुसार नामनिर्देशित प्रतिनिधी (उपचारांच्या निर्णयांसाठी रुग्णाने स्वतः निवडलेली व्यक्ती) साध्या कागदावर, सहीनिशी नेमता येतो. रुग्णाला बांधणे हा धोका टाळण्याचा एकमेव मार्ग असेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, ते करता येते आणि 24 तासांच्या आत प्रतिनिधीला कळवावे लागते, असे कलम 97 सांगते. माझी खरी अडचण तातडीच्या उपचारांची आहे. त्या वेळी, म्हणजे जास्तीत जास्त 72 तास, आगाऊ निर्देश लागू होत नाही. पण प्रतिनिधी उपलब्ध असेल तर कलम 94 प्रमाणे त्याची संमती घ्यावी लागते. आत्याच्या बाबतीत जे काही घडले ते पहिल्या रात्रीच घडले, त्यामुळे त्या रात्री मला वेळेवर बोलावले जाणे हेच सर्वांत महत्त्वाचे ठरते.

म्हणून विचारते : मुंबईत कोणी आगाऊ निर्देश मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे (याच कायद्याखाली रुग्णांच्या हक्कांची प्रकरणे पाहणारे मंडळ) नोंदवला आहे का, आणि अर्ज नेमका कुठे दिला? नेमणुकीच्या कागदाची प्रत उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी केसपेपरला जोडून घेतली का? रात्री-अपरात्री खासगी रुग्णालयात हा कागद दाखवल्यावर तो मान्य झाल्याचा कोणाचा अनुभव आहे का?

आतेभावाबद्दल कृपया कोणी वाईट लिहू नये. त्या रात्री तो एकटा होता, घाबरलेला होता, आणि आत्याचा सगळा औषधखर्च आजही तोच करतो. नातेवाईक म्हणून आगाऊ निर्देशात बदल करण्यासाठी तो मंडळाकडे जाऊ शकतो हे मला ठाऊक आहे, पण त्याला ही गोष्ट मंडळाच्या कागदावरून कळू नये, घरात बसून आत्याने स्वतः सांगावी, अशी माझी इच्छा आहे. तिला मात्र त्याच्यासमोर हा विषय काढायला धीर होत नाही. ज्यांच्या घरात असे बोलणे झाले आहे त्यांनी ते कसे सुरू केले, तेही कळवावे. महिनाअखेरीस तिची ओपीडीची तारीख आहे. त्याआधी उत्तर मिळाल्यास कागद तयार करून सोबत नेता येईल.