रांब्लावरचे पुतळे आणि आपले बहुरूपी

स्पेनमधल्या बार्सिलोनाच्या ला रांब्ला या रस्त्यावर पुतळ्यासारखे उभे राहणारे कलाकार म्हणजे नुसती सजवलेली भीक, असं काही जण म्हणतात; मला ते काही पटलं नाही बुवा. रस्ता जेमतेम सव्वा किलोमीटरचा, पुतळेवाले बंदराकडच्या टोकाला, आणि तेही पालिकेचा परवाना काढून. डब्यात नाणं पडलं की चंदेरी रंगाने माखलेली मान गर्रकन वळते, पोरं किंचाळतात. (खिसा मात्र सांभाळा, खेळ बघणाऱ्यांवरच पाकीटमारांचा डोळा.) आपल्या सांगलीच्या गणपती पेठेत खोटा फौजदार बनून, काठी आपटत दुकानदाराला ‘चला चौकीत’ म्हणणारा बहुरूपी याहून वेगळं काय करतो? १८४३ साली याच सांगलीत मराठी रंगभूमीचे जनक विष्णुदास भावे यांच्या नाटकाला इथल्या संस्थानिक पटवर्धनांचा राजाश्रय तरी होता. बहुरूप्याला परवाना कोण देणार?